अढी, माच आणि पाड

दुकानातून डझनभर हापूस आणले, दगडासारखे कडक. मी ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवले आणि सासूबाईंना सांगितलं की आंबे अढीत घातलेत, तर त्या म्हणाल्या ही कसली अढी! मग अढी नेमकं कशाला म्हणायचं? पेंढा लागतोच का?

—

ताई, आमच्या रत्नागिरीकडच्या घरी अढी म्हणजे माळ्यावर किंवा खोलीच्या कोपऱ्यात खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, परत पेंढा, परत आंबे असे थर. आढी पण म्हणतात. पण मला विचाराल तर शब्दाचा जीव पेंढ्यात नाहीये, ऊब धरून ठेवण्यात आहे. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन वायू सोडतो, तो कोंडला की शेजारचे पण पिकतात, तांदळात तेच होतं आणि कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं टाकून ठेवलं तरी तेच. म्हणून मी तरी डब्याला बिनधास्त अढी म्हणेन. आणि एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो असं आपण पोरांच्या संगतीबद्दल म्हणतो ना, ते आधी खरोखर आंब्याबद्दल खरं आहे, तेव्हा रोज वरखाली करून बघा, मऊ झालेला लगेच बाहेर काढा. कच्चा असताना फ्रिजमध्ये अजिबात नको, थंडीने पिकणं अडतं आणि चव पण जाते.

अजून एक शब्द, पाड. झाडावर एखाददुसरा आंबा आपोआप पिकून पडायला लागला की पाड लागला म्हणायचं, म्हणजे बाकीचे पण काढायला तयार. जून झालेलाच आंबा अढीत पिकतो, कोवळा काढलेला नुसता सुरकुततो, कितीही पेंढा घाला. दुकानातला पिकत नाही तेव्हा बऱ्याचदा दोष डब्याचा नसतो, आंबा पाडाच्या आधीच उतरवलेला असतो.

—

आमच्याकडे विदर्भात अढी कोणी म्हणत नाही, माच म्हणतात. आंब्याचा माच घातला, माचातले आंबे. लहानपणी माचाजवळ गेलं की वासानेच कळायचं आज किती निघणार.

आणि वर दादांनी उतरवलेला लिहिलंय त्यावरून आठवलं, आंबा उतरवला म्हणजे झाडावरून काढला, पण आंबा उतरला म्हणजे जास्त पिकून बिघडायला लागला, आमटी उतरते तसा. एका अक्षराने केवढा फरक!

—

वा, माच पहिल्यांदाच ऐकला, मस्त शब्द आहे. मग बाजारात ज्याला कार्बाईडचा आंबा म्हणतात, त्याला पिकलेला म्हणायचं का?

—

मी नाही म्हणत, तो पिकवलेला. पिकणं आंब्याचं, पिकवणं माणसाचं. अढी पण माणूसच घालतो म्हणा, पण तिथे वायू आंब्याचा स्वतःचा असतो. कॅल्शियम कार्बाईड हे रसायन फळं पिकवायला वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन गॅस 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) चालतो, रायपनिंग चेंबरमध्ये म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत तोच वापरतात आणि त्यात वाईट काही नाही. कार्बाईडवाला बाहेरून पिवळाधम्मक आणि आत आंबट निघतो, देठाजवळ नाक लावलं तर वासच येत नाही.

चिंचेला मात्र अढी नसते हां. ती झाडावरच गाभुळते, अर्धी कच्ची अर्धी पिकी. गाभुळलेला हा शब्द चिंचेशिवाय कुठल्या फळाला लावलेला मी ऐकला नाही, तुमच्याकडे लावतात का?