मदत हवी आहे: एसीचा नवा कॉम्प्रेसर बसवताना ऑइल किती ठेवायचं?

गाडीचा एसी कॉम्प्रेसर जाम झालाय. क्लच लागला की बेल्ट किंचाळायचा, आता हब (कॉम्प्रेसरच्या शाफ्टवरची पुढची चकती) हातानेही फिरत नाही. म्हणजे रिले, फ्यूज किंवा प्रेशर स्विचचा प्रश्न नाही. ते सगळं आधीच तपासलंय.

उरलेला गॅस (आर-१३४ए) गॅरेजमधल्या मशीनने काढून घेतला, हवेत सोडलेला नाही. जुना कॉम्प्रेसर मी घरीच उतरवला. त्यातून जेमतेम ४० मिली ऑइल निघालं, काळपट आणि हातावर चोळलं तर चंदेरी चुरा दिसणारं. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशीही थोडा तसाच चुरा आहे. इथेच माझं घोडं अडलंय.

रिसीव्हर ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि सगळ्या ओ-रिंग नव्या टाकणारच आहे. पाइप आणि इव्हॅपोरेटर फ्लश करीन. कंडेन्सर मात्र पॅरलल फ्लोचा, बारीक नळ्यांचा आहे. तो फ्लशने खरंच साफ होतो, की बदलण्याला पर्याय नाही?

दुसरं म्हणजे, नव्या कॉम्प्रेसरमध्ये १२० मिली पीएजी ४६ (एसी कॉम्प्रेसरचं ऑइल) आधीच भरलेलं आहे. एरवी जुन्यातून निघालं तेवढंच ठेवतात, पण इथे बाकीची लाइन धुऊन कोरडी होणार. बॉनेटखालच्या स्टिकरवर फक्त गॅसचं वजन आहे, ऑइलचा आकडा नाही.

व्हॅक्यूम पंप आणि मॅनिफोल्ड गेज माझ्याकडे आहेत; गॅस वजनावर भरून घेईन. तर मग ते १२० मिली पूर्ण ठेवू, की कमी करू?