साठीनंतर काय सुटलं आणि काय धरलंत? अनुभव लिहा

माझी आई ७८ वर्षांची आहे. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, तरी सुईत दोरा ओवणं जमेना, म्हणून तिने गोधड्या शिवणं सोडलं होतं. दोन महिने नुसती खिडकीशी बसून असायची. मग माझ्या धाकट्याने तोडगा काढला. शाळेत जायच्या आधी तो दहा सुया ओवून तिच्या उशीला टोचून ठेवतो. दहा सुया संपल्या की आजीचं त्या दिवसाचं काम संपलं. धावदोरा पूर्वीइतका बारीक पडत नाही, पण गेल्या थंडीत जुन्या लुगड्यांच्या सात गोधड्या तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणींना दिल्या.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला वयामुळे कुठलं काम सोडावं लागलं? त्याच्या जागी काय धरलंत? प्रत्यक्ष काय करता ते सविस्तर लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही ते उचलता येईल.

*

नाशिक, वय ६७

मी दर तीन महिन्यांनी न चुकता रक्त देत होतो. ६५ पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे ते बंद झालं. शिबिरातून परत पाठवलं त्या दिवशी मनाला फार लागलं. आता त्याच शिबिरांत पहिल्यांदा रक्त देणाऱ्या मुलांजवळ बसतो. सुई टोचताना त्यांच्याशी बोलत राहतो. नंतर चहा-बिस्किटं पुढे करतो आणि पंधरा मिनिटं उठू देत नाही, कारण घाईने उठलं की चक्कर येते. घाबरत आलेलं पोर तीन महिन्यांनी पुन्हा आलेलं दिसलं की मी स्वतः रक्त दिल्याइतकाच आनंद होतो.

*

माण तालुका, सातारा

२०१८ च्या वॉटर कपला, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेला, आमचं गाव रोज पहाटे डोंगरावर असायचं. माझी सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, कुदळ उचलवेना. पोरं म्हणाली, "तात्या, तुम्ही ए-फ्रेम धरा." इंग्रजी 'A' सारखी तीन काठ्यांची चौकट, वरून दोरीला दगड बांधलेला. दोरी मधल्या खुणेवर स्थिरावली की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत आले. तिथं फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा दोरी बघायची. त्या रेषेवर चर खणला की पाणी पळत नाही, चरात थांबतं आणि मुरतं. जन्मभर त्याच डोंगराच्या पायथ्याला शेती केली, पण उतार असा बोटानं दाखवता येईल इतका कधी कळला नव्हता. अजून दर उन्हाळ्यात काठी टेकत जातो आणि कुठल्या चरातला गाळ आधी काढायचा ते पोरांना सांगतो.

*

पुणे, निवृत्त शिक्षिका, वय ६९

अंध मुलींच्या वसतिगृहात मी नऊ वर्षं पुस्तकं वाचून दाखवायला जात होते. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो पूर्वीसारखा परत आलाच नाही. मी जाणं थांबवलं. तिथल्याच एका मुलीने निरोप पाठवला, "बाई, वाचता येत नसेल तर लिहून आणा." म्हणून ६६ व्या वर्षी ब्रेल शिकले.

पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोच्याने एकेक टिंब दाबायचं. टिंबं उमटतात कागदाच्या मागच्या बाजूला, त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. टिंबांच्या जागा सहा; 'अ' म्हणजे पहिलं एकच टिंब, 'क' म्हणजे पहिलं आणि तिसरं. खरी परीक्षा वेलांटीची आणि मात्रेची! ऱ्हस्व 'इ' चुकून सुलट काढली की वाचताना ती 'ए' होते. माझ्या पहिल्या गोष्टीत 'दिवा लावला' असं वाक्य होतं. त्या मुलीचं बोट ओळीवरून सरकत आलं, थांबलं, मागे जाऊन पुन्हा फिरलं. म्हणाली, "बाई, तुम्ही 'देवा' लावलाय." आम्ही दोघी किती तरी वेळ हसत होतो. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही ती तपासते. एक पान लिहायला मला अजून तासभर लागतो. मनगट दुखतं, पण दुपार कशी जाते कळत नाही.

*

डोंबिवली

माझं काम छोटंसं आहे. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून सोसायटीतल्या जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे ठेवते. लागेल त्याने न्यायची, पुढच्या खेपेला आणून द्यायची. मशीन पायाचं होतं, आता मोटर बसवून घेतली.

*

सांगली, वय ७४

पत्नी गेली तेव्हा तिचे डोळे दिले. त्यानंतर बारा वर्षं स्कूटरवरून गावोगाव नेत्रदानाबद्दल बोलत फिरलो. दोन वर्षांपूर्वी मुलांनी स्कूटर बंद करायला लावली, ते बरोबरच होतं. आता घरूनच फोनवर सांगतो. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं. पंखा बंद करा. पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा. "त्यांना चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, चालेल का?" हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. चालतं.

फोन रात्री उशाशी असतो. परवा पहाटे तीनला वाजला. मुलगा रडत होता, पण मी सांगत गेलो तसं एकेक करत गेला. मग म्हणाला, "काका, फोन ठेवू नका." दारावरची बेल मला फोनमधून ऐकू आली, तोवर मी थांबलो.