आजींची खुर्ची घरूनच न्या

जळगावहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला आजींना नेताना व्हीलचेअर तिथली घ्यावी का, असं एकाने विचारलंय. घरचीच न्या, सवयीची बैठक दिवसभर पुरते. घडी करताना पायपट्ट्या उचलून सीट मधोमध वर ओढा. उघडताना कडेच्या नळ्यांखाली बोटं ठेवलीत तर चेमटतील. हवेचे टायर असतील तर निघण्याआधी हवा भरा, कमी हवेत ब्रेक टायरला नीट टेकत नाही आणि खुर्ची सरकते. उतारावर खुर्ची उलटी फिरवून आपण खालच्या बाजूला राहा, मागे मागे उतरा. राइडमध्ये बसवताना दोन्ही ब्रेक लावा, आजींची धडधाकट बाजू राइडच्या सीटकडे हवी. पायपट्टीवर उभं राहू देऊ नका, खुर्ची पुढे कलंडते. आणि मे महिना टाळा. खान्देशी माणसाला ऊन नवं नाही, पण खुर्चीचे लोखंडी हात चटका देतात.