‘शियागांग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : चीनमधील 1998 च्या सुधारणांवरील लेखाचे भाषांतर करताना ‘शियागांग’ हा चिनी शब्द सतत येतो. ‘बेकार’, ‘कपात झालेला’ आणि ‘ले-ऑफ’ यांपैकी कोणता पर्याय योग्य?

उत्तर : माझ्या मते तिन्ही अपुरे आहेत, कारण हा शब्द त्या राज्यव्यवस्थेच्या अडचणीतून रूढ झाला. ‘शिया’ म्हणजे खाली उतरणे, ‘गांग’ म्हणजे नेमून दिलेली कामाची जागा. जुलै 1997 मध्ये थायलंडचे चलन बाट कोसळल्यावर शेजारची चलने एकामागून एक घसरली. चीनने मात्र युआन डॉलरला सुमारे 8.28 या दरावर टिकवून धरला, त्यामुळे निर्यातीला फटका बसला. नेमक्या त्याच काळात, मार्च 1998 मध्ये पंतप्रधान झालेल्या झू रोंगजी यांनी मंत्रालये व आयोगांची संख्या 40 वरून 29 वर आणली आणि तोट्यातले मोठे सरकारी कारखाने तीन वर्षांत सावरण्याचे काम हाती घेतले. कामगार कमी करणे भाग होते, पण कामगारवर्गाच्या नावाने सत्ता चालवणाऱ्या एकमेव पक्षाला ‘काढून टाकले’ असे म्हणणे परवडणारे नव्हते.

म्हणून शियागांग कामगाराचे काम जाई, कारखान्याशी नाते कागदोपत्री राही. पुनर्रोजगार सेवा केंद्रात जास्तीत जास्त तीन वर्षे त्याला निर्वाहभत्ता मिळे आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता तेच सेवा केंद्र भरी. बेकारांच्या नोंदीत तो येतच नसे. ईशान्य चीनमधील शेनयांग शहराच्या तिएशी या औद्योगिक भागात कारखाने ओस पडत असतानाही देशातील शहरी बेकारीचा नोंदणीकृत दर 3.1 टक्केच दिसत होता. ‘बेकार’ हा शब्द वापरला, तर ही सारी लपवणूक भाषांतरात पुसली जाते आणि त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

आपल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ‘ले-ऑफ’ अर्थाने बराच जवळचा आहे, कारण त्यातही हजेरीपटावरचे नाव कायम राही आणि निम्म्या वेतनाइतकी भरपाई मिळे. मात्र आजचा वाचक ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरी कायमची गेली असेच समजतो. ‘कार्यविरत’ तर मुळीच नको. त्यात स्वेच्छेचा भास होतो. मी ‘कामावरून उतरवलेला कामगार’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखात मूळ शब्दही देईन.

पुरवणी : मूळ मजकुराचे वर्ष तपासावे. लिआओनिंग प्रांतात 2001 पासून प्रयोग म्हणून या कामगारांना बेकारी विम्याखाली आणले गेले आणि पुढे पुनर्रोजगार सेवा केंद्रेच बंद झाली, त्यामुळे त्यानंतरच्या लेखनात ‘बेकार’ हा शब्द चालू शकेल.