खिशातल्या चाकूला पंधरा हजार मोजावेत का?

खाडीकाठचा (कळवा):

मंडळी, महिनाभर मनात घोळतंय ते इथे मांडतो. वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेलच्या जोडणीचं काम करतो, वीस वर्षं झाली. खिशात चाकू कायम असतो. केबलचं आवरण सोलणं, पॅकिंगच्या पट्ट्या आणि पुठ्ठे कापणं, दुपारी डब्याबरोबर काकडी चिरणं, सगळं त्याच्यावर. सध्याचा चाकू व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, अकरा वर्षांपूर्वी घेतलेला. धार लावून लावून पातं अरुंद झालंय. मोठा भाऊ अमेरिकेहून दिवाळीला येतोय आणि विचारतोय की स्पायडेर्को, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचा मिटणारा चाकू, आणू का. पंधरा हजारांच्या आसपास पडेल.

माझा कौल घ्यावा असाच आहे. पहिलं कारण पोलाद. त्या चाकूचं पातं सीपीएम एस३०व्ही नावाच्या पोलादाचं आहे. हे २००१ साली आलं, आणि खास चाकूच्या पात्यासाठीच तयार केलेलं. वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने फवारून त्याची बारीक भुकटी करतात, आणि ती भुकटी बंद डब्यात प्रचंड उष्णता आणि दाबाखाली एकजीव करतात. साध्या ओतीव लादीत कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बनच्या टणक संयुगाचे, कण सावकाश थंड होताना मोठे होतात, गुठळ्या करतात. भुकटीच्या पोलादात ते बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम, त्याचे कार्बाइड फार टणक. त्यामुळे पुठ्ठ्यावर धार लवकर मरत नाही. पुठ्ठा किती वाईट असतो ते रोज कापणाऱ्यालाच कळतं, त्यात बारीक कचकच असते.

दुसरं कारण लॉक, म्हणजे उघडलेलं पातं वापरताना मिटू न देणारी अडकण. माझ्या व्हिक्टोरिनॉक्सला ते नाही. या व्हिक्टोरिनॉक्सच्या आधी माझ्याकडे एक साधा मिटणारा चाकू होता, तोही लॉक नसलेला. टोक रबरात रुतलं, हात पुढे गेला आणि पातं बोटावर मिटलं. तीन टाके. तो व्रण मी रोज बघतो.

तिसरं, पात्याला गोल भोक असतं, अंगठ्याने एका हाताने उघडतं. शिडीवर दुसऱ्या हातात केबल असते तेव्हा याची किंमत कळते.

तुमचं काय म्हणणं?

तुर्भे मार्केट:

माझं स्पष्ट म्हणणं, घेऊ नका. मी एपीएमसीत फळांच्या गाळ्यावर. हापूसच्या दिवसांत माझ्या हातून जेवढी सुतळी, पट्टी आणि पुठ्ठा कापला जातो तेवढा तुमच्या हातून वर्षभरात जात नसेल. मी वापरतो तो मोडत्या पात्याचा कटर. शंभर रुपयांच्या आत. धार गेली की कट्‌कन एक तुकडा मोडायचा, नवी धार हजर. ही युक्ती ओल्फा या जपानी कंपनीच्या संस्थापकाने १९५६ साली काढली, चॉकलेटच्या वडीच्या रेघा बघून. सत्तर वर्षांत त्यात सुधारायला फारसं कुणाला काही सापडलं नाही, यातच आलं.

आणि एक गोष्ट कामाच्या माणसाने कामाच्या माणसाला सांगावी म्हणून सांगतो. माझा कटर हमाल मागतो, ड्रायव्हर मागतो, मी देतो. परत आला तर आला. पंधरा हजारांची वस्तू तुम्ही कुणाच्या हातात देणार नाही. कुणी मागितलं की तुमचा चेहरा बदलेल. हत्यार असं जपायची पाळी आली की ते कामातून गेलं.

पावसाळी पायवाट (खारघर):

काका, गाळ्यावर तुमचं बरोबर. डोंगरात नाही. मोडलेला तुकडा टाकायचा कुठे? पांडवकड्याच्या वाटेवर असा तुकडा सापडला होता मला, मातीत अर्धा पुरलेला, आणि मागून एक लहान मुलगा चपलेवर येत होता. तेव्हापासून माझ्या ग्रुपमध्ये कटर बंद.

पण खाडीकाठच्या दादांशीही मी पूर्ण सहमत नाही. पैसे घालावेत, पण कशासाठी ते आपल्या हवेकडे बघून ठरवावं. आपण ठाणे खाडीच्या काठावर राहतो. जून ते सप्टेंबर घरातले कपडे वाळत नाहीत, सॅकमधला चाकू कोरडा कसा राहील? मी आधी साध्या कार्बन पोलादाचा, लाकडी मुठीचा चाकू घेतला होता. कापायचा इतका सुरेख की टोमॅटोची चकती कागदासारखी निघायची. पहिल्याच पावसाळ्यात मूठ फुगली आणि पातं आत अडकलं. माहुलीवर लिंबू कापून तसाच ठेवला, खाली उतरेपर्यंत पात्यावर काळे डाग आणि बिजागरीत तांबूस गंज.

नंतर मी जास्त पैसे घालून एच१ पोलादाचा घेतला. त्यात कार्बन अगदी थोडा, आणि त्याचं काम करायला नायट्रोजन. समुद्रावर काम करणारे काही लोक हे पोलाद वापरतात. चार पावसाळे झाले, सॅकच्या तळाशी ओल्या रेनकोटखाली पडून असतो, एक ठिपका नाही. धार एस३०व्हीइतकी टिकत नाही, हे खरं. पण मला घरी येऊन लावता येते. गंज बिजागरीत शिरला की काढता येत नाही.

लोहाराचा नातू (कोपरी):

इथे सगळे पोलादाची नावं घेताहेत, पाण्याबद्दल, म्हणजे तापवून-विझवून पात्याला दिलेल्या कडकपणाबद्दल, कुणी बोलत नाही.

माझे आजोबा कोयते घडवायचे. माल काय, तर ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. तो तापवून, ठोकून, पाणी द्यायचे, आणि मग परत हलकं तापवताना रंग बघायचे. गवताच्या काडीसारखा पिवळा आला की पातं कडक राहतं पण ठिसूळ, जांभळ्यावर गेलं की थोडं नरम पण चिवट. कोयत्याला लाकडावर घाव घालायचा असतो, म्हणून ते पिवळ्यावर थांबायचे नाहीत. हा रंग चुकला तर पोलाद कुठलंही असो, फुकट. आज हेच काम भट्टीत तापमान मोजून होतं, पण तत्त्व तेच. एस३०व्ही लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या पात्यांचं पाणी वेगळं असेल तर चाकूही दोन वेगळेच.

दुसरं म्हणजे जाडी. कापते ती धार आणि तिच्या लगतचा पातळपणा. कोळणीची विळी बघा. तिच्या लोखंडाला कुठलं नाव नाही, पण सुरमईचा काटा ती एका झटक्यात पार करते. का? पातं धारेशी पातळ आहे, आणि बाई दर दोन-चार दिवसांनी ती दगडावर घासते.

आता दादांच्या चाकूबद्दल. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं रॉकवेलवर, म्हणजे कडकपणाच्या मापावर, साधारण ५५-५६. एस३०व्ही ५९ ते ६१. ५६चं पातं कुठल्याही निसण्यावर पाच मिनिटांत चढतं. एस३०व्हीमधले व्हॅनेडियमचे कार्बाइड बाजारात मिळणाऱ्या साध्या दगडापेक्षा टणक असतात. तुम्ही घासत बसाल, दगड झिजेल, धार येणार नाही. डायमंडची पट्टी लागते. ती नसेल तर तुमचा पंधरा हजारांचा चाकू सहा महिन्यांनी माझ्या आईच्या भाजीच्या सुरीपेक्षा बोथट असेल. महाग चाकू घेऊन बोथट वापरणारे मी भरपूर पाहिलेत. धार लावायची हिंमतच होत नाही, पातं खराब होईल म्हणून.

आणि लॉकचं म्हणाल, तर ओपिनेल या फ्रेंच चाकूला १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी आहे. फिरवली की पातं अडकतं. दीड-दोन हजारांत चाकू. बोट वाचवायला पंधरा हजार लागत नाहीत.

वाशी पुलावरून:

पोलाद, पाणी, लॉक सगळं ठीक. कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र म्हणून मोजतात, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तीन इंचांचा चाकू या मापात बसत नाही. पण थांबा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात, ठाण्यातही आणि नवी मुंबईतही, सण, मोर्चे, निवडणुका असल्या की हमखास. त्या आदेशांत तलवारी, भाले, लाठ्या यांच्या रांगेत सुरे आणि चाकूही असतात. आदेश लागू असताना स्टेशनबाहेर झडती झाली तर चाकू कशासाठी बाळगला हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल.

माझा मुद्दा सरळ आहे. लाल मुठीचा, बूच काढायचा पेच असलेला चाकू निघाला तर समोरच्याला ते अवजार दिसतं. काळी मूठ, खिशाला क्लिप, एका हाताने सट्‌कन उघडणारं पातं निघालं तर शस्त्र दिसतं. जप्त झालं तर दोनशे रुपये जाणं वेगळं, पंधरा हजार जाणं वेगळं. रोज लोकलने जाणाऱ्या माणसाने हा धोका किमतीत धरलाच पाहिजे.

टायटॅनियम मूठ (घोडबंदर रोड):

मी दुसऱ्या टोकाचा. माझ्याकडे सेबेंझा नावाचा चाकू आहे, चाळीस हजारांच्या वर गेला. सेबेंझा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ ‘काम’. ज्याने बनवला तो क्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. लॉकसाठी वेगळी पट्टी न लावता मुठीचीच टायटॅनियमची बाजू कापून तिचीच स्प्रिंग केली. ती पद्धत आज निम्मं जग वापरतं. हा चाकू मी महिन्यातून एकदा पूर्ण खोलतो, पुसतो, थेंबभर तेल घालतो, परत जोडतो. स्क्रू घट्ट आवळले तरी पातं अडत नाही आणि हलतही नाही, इतकी मापं अचूक. ते हाताला जाणवतं.

लोक लाखाचा फोन घेतात आणि तीन वर्षांत बदलतात. हा चाकू माझी मुलगी वापरेल. चांगलं घडवलेलं काहीतरी जवळ असावं ही इच्छा मला उधळपट्टी वाटत नाही.

तुर्भे मार्केट:

फोनवर मला पहाटे चार वाजता देवगडचा भाव कळतो, त्यावर घर चालतं. चाकूशी तुलना नको. पण मुलीला देणार म्हणालात ते आवडलं. माझ्या वडिलांचा अडकित्ता माझ्याकडे आहे, पितळी. त्याची किंमत कुणी विचारली तर मलाही सांगता येणार नाही.

खाडीकाठचा:

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

पुलावरच्या भाऊंचा मुद्दा मला माहीत नव्हता. यापुढे चाकू खिशात नाही, हत्यारांच्या पिशवीत, कंपनीच्या ओळखपत्राबरोबर.

तुर्भेचे काका, कटर आमच्याकडेही आहे. पण केबल सोलताना त्याचं पातळ पातं वाकतं आणि तुकडा उडतो. आमच्या एका पोराच्या गालाला लागला, डोळा थोडक्यात वाचला. पॅनेलमध्ये तुकडा पडला तर शॉर्ट होतो ते आणखी वेगळं.

लोहाराच्या नातवाचं मात्र रात्रभर डोक्यात राहिलं. अकरा वर्षं मी फक्त धारेचं टोक घासत आलो. पातं मागे मागे सरकत जाड भागात गेलंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लोहाराचा नातू (कोपरी):

मग भावाला सांगा, आठ दिवस थांब. रविवारी चाकू घेऊन या. धारेमागचा जाड भाग घासून पातळ करून देतो. मग काय ते ठरवा.

खाडीकाठचा:

जाऊन आलो. चाळीस मिनिटं लागली, तीन दगड वापरले, पाण्याची धार सतत चालू. शेवटी वर्तमानपत्राचा कागद उभा धरून वरून खाली कापला, आवाजही झाला नाही. अकरा वर्षांत हा चाकू इतका कधीच कापत नव्हता, अगदी नवा होता तेव्हाही नाही.

सोमवारपासून नोंद ठेवली. सोमवार, मंगळवार उत्तम. बुधवारी नवी मशिनरी आली, दिवसभर जाड पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या पट्ट्या. संध्याकाळी काकडी चिरताना साल सोलल्यासारखं व्हायला लागलं. गुरुवारी बोथट. म्हणजे पातळ पात्याने कापणं सुधारलं, धार टिकणं नाही. आणि लॉक अजूनही नाहीच. ओपिनेलची कडी फिरवायला दुसरा हात लागतो, तो शिडीवर मोकळा नसतो.

म्हणून माझं मत तेच राहिलं. माझ्या कामाला ते पोलाद आणि ते लॉक हवंय, आणि दहा वर्षं रोज वापरणार असेन तर पंधरा हजार जास्त नाहीत. व्हिक्टोरिनॉक्स आता डब्याबरोबर, काकडीसाठी. भावाला काल रात्री होकार कळवला.

लोहाराचा नातू (कोपरी):

घ्या, रोज वापरणार आहात तर घ्या. पण डायमंडची पट्टी त्याच पार्सलमध्ये मागवा, बारीक आणि मध्यम अशा दोन्ही. पूर्ण बोथट व्हायची वाट बघू नका, दर शुक्रवारी दहा-बारा हात मारा. आणि काहीही झालं तरी तो चाकू सायकलवरच्या धारवाल्याकडे देऊ नका. त्या कोरड्या चाकावर धार तापून निळी पडली की भट्टीत दिलेलं पाणी उतरलं, मग ते परत आणणं माझ्याही हातात नाही.