'चॅन्सल'ला गाभारा म्हणावं का?

प्रश्न
इंग्लंडमधल्या खेड्यातल्या एका मध्ययुगीन चर्चचं वर्णन मराठीत आणतोय. पश्चिमेला मनोरा, मग गावकऱ्यांची मोठी लांबट खोली म्हणजे 'नेव्ह', तिच्या टोकाला कोरीव लाकडी आडोसा, आणि त्यापलीकडे वेदी असलेलं 'चॅन्सल'. मी सभामंडप आणि गाभारा असे शब्द घातले. घरी वाचून दाखवलं तर ऐकावं लागलं, "हे तर आपल्या ग्रामदैवताचं देऊळ झालं!" शिवाय रूड स्क्रीन, डूम, फॉन्ट, पिसिना आणि लिचगेट अडलेत. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद
सभामंडप ठेवा, शोभतोय. नेव्हमध्ये आधी बाकं नसायचीच, लोक उभे राहायचे किंवा गुडघे टेकायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी कुठेकुठे भिंतीलगत दगडी ओटा असे. बाकांची चाल पंधराव्या शतकात रुळली. गावाच्या बैठकाही तिथेच होत. हे सगळं 'सभामंडप' या शब्दात बसतं.

गाभारा मात्र काढा. आपला गाभारा लहान, अंधारा, समईच्या उजेडातला. चॅन्सलला पूर्वेच्या भिंतीत बऱ्याचदा चर्चमधली सगळ्यात मोठी खिडकी असते, आणि दक्षिणेच्या भिंतीत पाद्री व त्याच्या साथीदारांना बसायला तीन कमानदार कोनाडे. शब्दाचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ जाळी. म्हणजे खोलीला नाव मिळालं ते तिच्यापुढच्या आडोशावरून, आतल्या पावित्र्यावरून नव्हे.

आणखी एक भानगड आहे. तेराव्या शतकापासून इंग्लंडात साधारण रीत अशी की चॅन्सलची डागडुजी रेक्टरने (म्हणजे चर्चचं उत्पन्न ज्याच्या हाती त्याने) करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. लोकरीच्या धंद्यात पैसा आला की गावकरी नेव्ह उंच करत, रुंद करत, आणि पलीकडे रेक्टरचं जुनं ठेंगणं चॅन्सल तसंच राही. एकाच छपराखाली दोन मालकांचा कारभार! गाभारा म्हटलंत की हा कारभार वाचकाच्या डोळ्यांपुढे येणारच नाही. 'वेदीचा भाग' म्हणा आणि पहिल्या वेळी चॅन्सल हे नाव द्या.

प्रतिसाद
'वेदीगृह' कसं वाटतं? वेदी हा शब्द मराठी बायबलमुळे रुळलेला आहे, त्यामुळे यज्ञकुंड आठवणार नाही.
आणि कृपा करून 'पूर्वाभिमुख चर्च' लिहू नका. आपण पूर्वाभिमुख म्हणतो तेव्हा देवळाचं दार पूर्वेला असतं. इथे वेदी पूर्वेला, भक्तांची तोंडं पूर्वेला आणि दार बहुधा दक्षिणेच्या भिंतीत. सरळ 'वेदी पूर्वेला' लिहा.

प्रतिसाद
चर्चऐवजी 'इगर्ज' का नको?

प्रतिसाद
कारण इगर्ज आली पोर्तुगीजांबरोबर. तो शब्द वाचला की सोळाव्या शतकानंतरचा गोव्यातला पांढराशुभ्र दर्शनी भाग समोर उभा राहतो. इंग्रजी खेड्याला चर्चच बरं.

आता रूड आणि डूम, हे दोन एकत्र घ्या. रूड म्हणजे जुन्या इंग्रजीत क्रूस. आडोशाच्या माथ्यावर क्रूसावरचा येशू, एका बाजूला त्याची आई मारिया, दुसऱ्या बाजूला शिष्य योहान अशा मूर्ती असत, म्हणून ती रूड स्क्रीन. 'पडदा' म्हणू नका, कापड वाटतं. 'क्रूसाची जाळी' चालेल. तिच्यावर जिन्याने चढायचा लाकडी माळा असे. १५६१ मध्ये राणी एलिझाबेथचा हुकूम निघाला, माळे उतरवा, खालची जाळी राहू द्या. त्यामुळे अनेक चर्चमध्ये भिंतीत उंचावर एक दार दिसतं आणि ते उघडतं थेट हवेत. माळा गेला, जिना राहिला.

डूमचं भाषांतर 'विनाश' करणाऱ्यांना हात जोडून विनंती, तसं करू नका. जुना अर्थ न्याय. 'अंतिम न्यायाचं चित्र' हेच बरोबर, आणि ते बहुधा रूडच्या मागेच असे. सफोकमधल्या वेनहॅस्टन गावचं डूम लाकडी फळ्यांवर रंगवलेलं होतं. धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून फुटल्यावर, त्यावर चुना फासला गेला. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी फळ्या काढून आवारात टाकल्या, रात्री पाऊस झाला, चुना धुपला आणि चित्र वर आलं! त्या चित्रात मधोमध क्रूसाच्या आणि बाजूला मूर्तींच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत. रूड तिथे जडवलेलं होतं. वर्णनात हे उदाहरण घालाच, दोन्ही शब्द आपोआप कळतील.

प्रतिसाद
फॉन्टला 'कुंड' नको, कुंड जमिनीत खोदलेलं असतं. हे खांबावरचं दगडी पात्र, दाराजवळ ठेवलेलं, कारण बाप्तिस्मा हाच चर्चमधला प्रवेश. 'बाप्तिस्म्याचं पात्र' लिहा. १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्याला झाकण आणि कुलूप लावायला सांगितलं, मंतरलेलं पाणी कोणी जादूटोण्याला नेऊ नये म्हणून.
पिसिना म्हणजे वेदीजवळच्या भिंतीतला, तळाला भोक असलेला कोनाडा. पवित्र भांडी धुतलेलं पाणी त्यातून जमिनीत मुरतं, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मोरी म्हणाल तर अर्थ बरोबर आणि रंग सगळा चुकीचा. 'भांडी धुण्याचा कोनाडा' एवढंच पुरे.

प्रश्नकर्ता
आभार! 'क्रूसाची जाळी' घेतली, गाभारा खोडला. लिचगेट राहिलं.

प्रतिसाद
लिच म्हणजे प्रेत. आवाराच्या वेशीवरचं छपराचं दार, तिथे प्रेत टेकवून पाद्रीची वाट पाहायची. आपल्याकडे स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात त्या जागेला विसावा म्हणतात. 'विसाव्याचं दार' म्हणा.

प्रश्नकर्ता
पण त्यांच्याकडे तिरडी कुठे, शवपेटी असेल ना?

प्रतिसाद
मध्ययुगात सामान्य माणसाला स्वतःची पेटी नसे. कफनात गुंडाळून पुरत. गावाची सामायिक पेटी किंवा लाकडी खाटलं असे, ते नेण्यापुरतं, मग परत जागेवर. तेव्हा 'तिरडी' बिनधास्त लिहा, फक्त बांबूची नाही हे वाचकाला कळू द्या.