थ्रीडी स्क्रीनिंग रूमसाठी लेन्स कोणती? (दीड लाख, पुणे)

सदाशिवी_पडदा
सदाशिव पेठेत फिल्म क्लबची वीस खुर्च्यांची खोली थ्रीडी करायची आहे. खोली 24 फूट लांब. पडदा सिल्व्हर (पोलरायझेशन टिकवणारा), 10 फूट रुंद, गेन (साध्या पांढऱ्या पडद्याच्या किती पट उजळ) 2.4, लागलेला आहे. प्रोजेक्टर ठेवायच्या मागच्या फळीपासून पडदा 20 फूट. दोन सारखे डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपचे) प्रोजेक्टर एकावर एक, प्रत्येकी एका डोळ्याचं चित्र, पुढे पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारा फिल्टर). प्रश्न दोनच: लेन्स किती थ्रो रेशोची (अंतर भागिले चित्राची रुंदी), आणि फिल्टर लिनिअर (सरळ दिशेचा) की सर्क्युलर (गोल फिरणाऱ्या दिशेचा)? प्रोजेक्टर, लेन्स, फिल्टर, चष्मे सगळं धरून दीड लाख. वर जाता येणार नाही.

कोथरूडचा_कोपरा
त्यापेक्षा चार लाखांत एकच लेझर घ्या. लेन्स बदलता येते, शिफ्ट (यंत्र न हलवता लेन्सने चित्र सरकवणं) मोटरवर. आमच्याकडे तोच आहे, दोन-दोन डबे जुळवायची कटकटच नाही.

लुमेनमोजे
बजेट वाचलंत का? असो. 20 भागिले 10, म्हणजे रेशो 2.0 हवा. या किमतीतल्या बऱ्याच प्रोजेक्टरांची झूम 1.4 ते 1.7 मध्येच संपते. 1.67 वर लावली तरी 20 फुटांवरून चित्र 12 फूट रुंद पडणार, दोन्हीकडे फूटफूटभर भिंतीवर. ते कीस्टोनने (चित्र यंत्रातच ताणून-दाबून आकार बदलणं) आवरायला जाऊ नका. कीस्टोन दोन्ही यंत्रांत वेगवेगळा बसतो, मधोमध जुळलेलं चित्र कोपऱ्यात फाटतं. डाव्या-उजव्या चित्रांत आडवा फरक डोळे निभावून नेतात, उभा फरक राहिला की डोकं धरतं. त्यामुळे उभी लेन्स शिफ्ट असलेलंच मॉडेल बघा.

रीळवाला
डिजिटलच्या आधी हे सगळं एका लेन्सवर व्हायचं. 35 एमएमच्या एकाच फ्रेममध्ये डावं-उजवं चित्र वर-खाली, आणि ओव्हर-अंडर लेन्स दोन्ही पडद्यावर एकावर एक आणायची. रीळ जोडताना अर्धी फ्रेम चुकली की डावा डोळा उजव्याचं चित्र बघायचा. अशी लेन्स जुन्या बाजारात दिसली तर सोडू नका.

सदाशिवी_पडदा
काका, माझ्याकडे रिळाचं यंत्र नाही.

रीळवाला
म्हणून तर म्हणतो, तेही बघा.

तपकीर_गल्ली
फिल्टरबद्दल कोणीच बोलत नाहीये. लेन्सच्या काचेला चिकटवू नका. डीएलपीचा निम्म्याहून जास्त प्रकाश पोलरायझर खातो आणि त्याची उष्णता होते. प्लॅस्टिकची फिल्म महिन्याभरात पिवळी पडते, फुगे येतात. माझ्या दोन गेल्या. काचेत बसवलेला घ्या, लेन्सपासून 5 ते 8 सेंमी पुढे धरा, बाजूने कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा सोडा. तिथे झोत रुंद झालेला असतो, फिल्टर त्याहून मोठाच हवा, नाहीतर कोपरे काळे पडतात.

कोथरूडचा_कोपरा
लेझरला ही भानगडच नाही.

तपकीर_गल्ली
लेझर असो की दिवा, पोलरायझर लावलात की प्रकाश खाणारच.

वक्र_किरण
सर्क्युलरच घ्या. लिनिअरमध्ये डोकं कलंडलं की घोस्टिंग (एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याला पुसट दिसणं), आणि फिल्म क्लबात मान कलती करून बघणारेच जास्त. मात्र सर्क्युलरला दिशा असते. लिनिअर बाजू लेन्सकडे, क्वार्टर-वेव्ह (सरळ प्रकाश गोल करणाऱ्या थराची) बाजू पडद्याकडे. उलटा बसला की दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं. चष्मा विकणारा काहीही सांगू दे, तो घालून आरशासमोर एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यापुढची काच काळी दिसली तर सर्क्युलर, मिटलेल्या डोळ्यापुढची काळी दिसली तर लिनिअर.

आयटी_हिंजवडी
सर्क्युलरच घ्या. आणि किमान 5000 लुमेन (प्रोजेक्टरच्या एकूण प्रकाशाचं माप) हवेत.

लुमेनमोजे
कशाला? 10 फूट रुंदीचा 16:9 पडदा म्हणजे 56 चौरस फूट. 3000 लुमेनचा प्रोजेक्टर सिनेमा मोडमध्ये 1500 धरा. फिल्टरमधून 40 टक्के, चष्म्यातून 80 टक्के, गुणिले गेन 2.4, भागिले 56. एका डोळ्याला 20 फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) होतात. डिजिटल सिनेमात थ्रीडीचं मानक 4.5 आहे. उजेड वाढवलात तर घोस्टिंगही तेवढंच उठून दिसेल. अंधार पडतो शटर चष्म्यांत (एकच प्रोजेक्टर, काचा आळीपाळीने उघड-बंद), पांढऱ्या पडद्यावर हाच प्रोजेक्टर 4 च्या आसपास येतो.

वक्र_किरण
गेन 2.4 मधोमध बसणाऱ्याला. कडेच्या खुर्चीचं बोला.

लुमेनमोजे
कडेला निम्मं धरा, तरी 10. झालं?

आयटी_हिंजवडी
डीएलपी कशाला पण? थ्रीएलसीडीत (लाल, हिरव्या, निळ्याला वेगवेगळी एलसीडी) रंग छान येतात.

तपकीर_गल्ली
बऱ्याच थ्रीएलसीडींत हिरव्याची पोलरायझेशन दिशा लाल-निळ्याच्या काटकोनात असते. फिल्टर 45 अंशांवर नसला तर चित्र जांभळं तरी होतं, नाहीतर हिरवं. डीएलपीवरच राहा.

सदाशिवी_पडदा
सगळ्यांचं वाचलं. लेन्स बदलून 2.0 गाठायचं तर दोन यंत्रांचा खर्च दुप्पट होतो. म्हणून फळी रद्द. दोन्ही प्रोजेक्टर छताला, पडद्यापासून 16 फुटांवर, रेशो 1.6. 1.4–1.7 ची झूम चालते, थोडी जागाही उरते. आणि हो, फिल्टर लिनिअर घेतले, 45 आणि 135 अंशांवर. पुठ्ठ्याचे चष्मे स्वस्तात येतात, दोन हरवले तरी हरकत नाही.

वक्र_किरण
एवढं सांगून लिनिअर?

सदाशिवी_पडदा
मान कलती करणाऱ्यांना मी स्वतः सरळ करीन.

लुमेनमोजे
मग एवढं तरी करा. दोन्ही झूम एकाच खुणेवर ठेवा, नाहीतर डिस्टॉर्शन वेगळं होऊन कोपरे जुळणार नाहीत. अर्धा तास चालू ठेवून मगच फोकस आणि जुळणी करा, तापल्यावर लेन्स सरकते. जुळवायला चौकटीची जाळी लावा, एका यंत्रातून लाल, दुसऱ्यातून हिरवी. जुळली तिथे पिवळी दिसते. जुळली की झूमच्या रिंगवर टेपचा तुकडा.

तपकीर_गल्ली
16 फुटांवर छताला म्हणताय. मधला सीलिंग फॅन कुठे आहे?

सदाशिवी_पडदा
…पडद्यापासून 11 फुटांवर. झोताच्या वाटेतच.

रीळवाला
मे महिन्यात पंखा काढून वीस माणसं बसवणार?

सदाशिवी_पडदा
दांडी अखूड करता येते का, इलेक्ट्रिशियनला विचारतो.